फुल्यांचे दिवस

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. शर्टाच्या बाहीला एक टाका सुटला असला तरी तिला तो हातभर अंतरावरून दिसे, आणि दिसला की शर्ट परत. चौदा वर्षं ती चेकर होती, आणि तिच्या नजरेतून खराब माल सुटला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. घरात मात्र दिव्याखाली अंधार होता.

महिन्यातले तीन आठवडे ती माणसांत असे. चौथा आला, पाळी आठवड्यावर आली, की दुसरीच कुणी बाई तिच्या जागी वावरायला लागे. भांडं पडलं तरी रडू, सासूबाईंनी हाक मारली तरी संताप, आणि मोरीचं दार लावून घेतलं की डोक्यात एकच, आपण नसलेलं बरं. पाळी आली की दोन दिवसांत सगळं ओसरे, शरम तेवढी मागे राही. गल्लीतल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वर ऐकवलं, "सगळ्याच बायकांना होतं." जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

मग अशाच एका आठवड्यात तिनं धागे कापायची कात्री फेकली. दहा वर्षांची मुलगी वही दाखवायला आली होती, एवढंच निमित्त. कात्री तिच्या कानाजवळून गेली आणि कपाटाच्या दाराला खोक पाडून खाली पडली. मुलगी रडलीसुद्धा नाही. नवरा ट्रकवर, वीस-वीस दिवस बाहेर. घरात बोलायला सासूबाईच. त्या म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर पोर आत्याकडे जाईल. कायमची." घारीला राग आला नाही. त्यांच्या जागी ती असती तर तीही हेच म्हणाली असती.

मनाच्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या शहरात, आणि रजा मागावी तर कारण सांगावं लागणार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, गोदामातल्या कापडाच्या ताग्याला फोन टेकवून तिनं तिथल्या एका डॉक्टरीणबाईंना व्हिडिओवर गाठलं. बाई वयानं तिच्याहून लहान. त्यांनी मधे न तोडता ऐकलं, मरणाच्या विचारांचंही आडपडदा न ठेवता विचारलं, तसं वाटलं तर कुणाला फोन करायचा तेही लिहून दिलं. मग म्हणाल्या, "ताई, याला आजार म्हणतात आणि याला औषध आहे. पण आधी खात्री करू. एक तक्ता पाठवते. राग, रडू, झोप, सगळ्याला एक ते सहा आकडा द्यायचा. एक म्हणजे नाहीच, सहा म्हणजे फारच. दोन पाळ्या होईपर्यंत. रोजच्या रोज, बरं का."

"तक्ते भरण्यातच जन्म गेला माझा," घार म्हणाली.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. कारखान्यातला तपासणीचा तक्ता दर तासाला भरायचा असतो, आणि तसा तो कुणीही भरत नाही. शनिवारी सगळ्याजणी बसून अख्ख्या आठवड्याचा एकदम भरतात, सुपरवायझर डोळे मिटून सही करतो. घारीनं डॉक्टरीणबाईंच्या तक्त्याचंही तेच केलं. पाळी होऊन गेली, डोकं निवलं, की बसायचं आणि महिन्याचे रकाने भरून टाकायचे. निवलेल्या डोक्याला ते दिवस आठवतात, त्यांचा भार आठवत नाही. राग? दोन. रडू? दोन. मरणाचा विचार आपण केला होता हेच तिला खरं वाटेना. तिथं एक.

दुसरी भेट सुट्टीच्या दिवशी घरूनच झाली. सासूबाई दाराशी मटार सोलत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तक्त्याचा फोटो बराच वेळ पाहिला.

"ताई, हे एका बैठकीत भरलंत ना?"

चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरणारी बाई मान खाली घालून बसली.

"यावरून मला काहीच कळत नाही. पुन्हा दोन महिने भरू या."

"दोन महिने म्हणजे तसले दोन आठवडे," घार म्हणाली. "तेवढे माझ्याकडे नाहीत हो डॉक्टर."

सासूबाई उठल्या. हात पदराला पुसले, खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवलं आणि फोनसमोर धरलं. "हे चालतंय का बघा," त्या म्हणाल्या. "सकाळी हिच्या तोंडाकडे बघून कळतं मला. त्या दिवशी फुली. मग पोर माझ्याजवळ झोपते आणि सुऱ्या-कात्र्या माझ्या ट्रंकेत. अकरा महिने झाले. ती कारखान्याची कात्री हिच्या पिशवीत होती, तेवढी राहून गेली."

घार त्या फुल्या रोज बघत होती. दुधाचे खाडे असतील असं धरून चालली होती. सुटलेला टाका हेरणारी ती, तिच्या डोळ्यांदेखत तिचीच तपासणी चालली होती, आणि दर फुलीला तीच नापास ठरत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाळीच्या तारखा तिच्या फोनमध्ये होत्याच. डॉक्टरीणबाईंनी एकेक महिना ताडून पाहिला. फुल्या दर वेळी आठवडाभर आधी सुरू होत आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी थांबत. "गोळी आजपासून सुरू करू," त्या म्हणाल्या. "तक्ता तरीही रोज भरायचा. आणि आजी, तुम्ही फुल्या थांबवू नका."

गोळी सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी फुली मारली. घारीनं ती मारताना पाहिली आणि कामावर गेली. दिवस जड गेला, पण फुटला नाही. संध्याकाळी जेवणं झाली, तशी मुलगी आपली उशी काखेत मारून आजीच्या खोलीकडे निघाली.

"आज इथंच झोप ना," घार म्हणाली. "आज बरी आहे मी."

मुलगी दाराशी थांबली. तिनं आईकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज फुली आहे, आई," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली, आणि गेली.

घारीनं तक्ता काढला, आजची तारीख शोधली. राग, तीन. रडू, सहा.