इवाई आणि नांदेडची गोलाई

रस्ता न विचारता चुकीच्या ठिकाणी इतक्या रुबाबात पोचणारा माणूस आख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि देवानं तो नेमका माझा इवाई केला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. राहणार लातूर. त्यांचा जन्म गेला आडतीवर. तुरीच्या पोत्यात हात घालायचा, दाणा दाताखाली धरायचा आणि भाव सांगायचा. त्या कामात ते कधी चुकले नाहीत म्हणतात. त्यामुळंच बाकी सगळीकडं चुकायची त्यांना मोकळीक मिळाली असावी. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट, काखेत बाराही महिने छत्री, आणि चाल अशी की बघणाऱ्याला वाटावं, पुढचा चौक ह्यांच्याच नावाचा असणार. "रस्ता इचारला की मानूस लहान होतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "गावाला कळतं, ह्याला काही ठाऊक न्हाई. मग गाव फसवतं."

माझी लेक बघायला ते पहिल्यांदा आले, तेव्हा आम्ही मुखेडजवळच्या आमच्या गावात पोहे करून, सतरंजी अंथरून वाट बघत बसलो होतो. दुपार कलली तरी पाव्हणे नाहीत. इवाई शेजारच्या गावात शिरले होते. तिथं एका ओट्यावर सतरंजी दिसली, की बसले. घरच्यांना वाटलं कुणी सरकारी माणूस आहे; त्यांनी चहा दिला, शिरा दिला. इवायांनी घर बघितलं, बैल बघितले, पसंती सांगितली आणि म्हणाले, "आता मुलीला बोलवा." त्या घरची मुलगी चौथीत होती. ती दप्तर घेऊनच बाहेर आली. दुसरा कुणी असता तर चपला हातात घेऊन पळाला असता. इवायांनी तिला सतराचा पाढा विचारला, "जरा लहान वाटून राहिली, पन चुणचुणीत हाय," असा शेरा दिला आणि मग उठले. आमच्याकडं पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मी विचारलं, उशीर का झाला. तर म्हणाले, "सोयरीक करायची तर शेजार आधी बघावा. बघून घेतला." माझी घरची आत चुलीपाशी तोंडात पदर धरून हसली. पुढं जन्मभर तिचं एकच म्हणणं, "इवाई चुकत न्हाईत. गावंच जागा बदलतात."

एकदा लातूरच्या दवाखान्यात आडतीवरच्या जुन्या दोस्ताला भेटायला म्हणून गेले आणि भलत्याच वॉर्डात भलत्याच माणसाच्या उशाशी जाऊन बसले. तो बिचारा तोंडाला पट्टी बांधलेला, त्याला नाही म्हणता येईना. इवायांनी त्याला मोसंबी सोलून दिली, तुरीचा भाव सांगितला, धीर दिला. त्या माणसाच्या घरची लग्नपत्रिका आजही इवायांना येते. मला मात्र माझ्या चुलतभावाच्या घरची येत नाही. तेव्हा चुकून पोचण्यातही काही नशीब असावं.

माझी घरची गेली त्याला आता वर्ष होत आलं. मला ह्यावर बोलता येत नाही, आणि लिहिता तर त्याहून येत नाही. शाळा सातवीत सुटली. घरात मांजरानं भांडं पाडलं तरी मी "काय पाडलं गं" म्हणतो, एवढंच सांगतो. लेकीला हे कुणीतरी सांगितलं असावं. तिचा लातूरहून फोन आला, "बाबा, कुठंतरी फिरून या. म्हणाल तिथं गाडी करून देते." मी म्हणालो, नांदेड बघायचं. तिला नवल वाटलं. नांदेडला मी जन्मभर जात आलो, पण दवाखान्याला, कोर्टाला, नाहीतर मोटारीचं सामान आणायला. शहर बघायला म्हणून कधी गेलो नव्हतो.

कारण मी लेकीला सांगितलं नाही, इथं सांगतो. माझी घरची एकदा बचत गटाच्या बायकांबरोबर नांदेडला जाऊन आली होती. गुरुद्वारा बघितला, लंगरात जेवली आणि मग सगळ्याजणी गोदावरीच्या घाटावर बसल्या. परत आल्यावर ती गुरुद्वाऱ्याच्या सोन्याचं कमी आणि घाटाचंच जास्त सांगायची. "डाव्या हाताला दगडी भिंत. एक पायरी तुटलेली. तिथं पान्यात पाय सोडून बसले. लई वेळ बसले. कुनी ऊठ म्हनलं न्हाई." दर सणाला, दर पाव्हण्याला हेच. मला ती पायरी बघायची होती. बास.

लेकीनं मोबाईलवरून एका दिवसाची गाडी ठरवली. गाडी चालवणाराच शहर दाखवणार, माहिती सांगणार. आणि बाप एकटा हरवेल म्हणून सोबतीला सासऱ्यांना लावून दिलं. हरवू नये म्हणून कुणाला सोबत द्यावं, हे तिला सासरी इतकी वर्षं राहून कळलं नाही.

आता आमच्याकडची रीत सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा ध्यानात येईल. मुलीच्या बापानं इवायाकडं काही मागू नये. पाणीसुद्धा दिलं तर प्यावं. लेक दिलेल्या घरापुढं आपली हौस बोलून दाखवायची नाही, त्यांचं वाक्य खोडायचं नाही. इवायाकडची रीत ह्याच्या उलटी: त्यानं सोयऱ्याचा मान ठेवायचा, आग्रह करायचा, काही कमी पडू द्यायचं नाही. असे दोन म्हातारे एका गाडीत बसवले की गाडी कुठं जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

सुरुवात गाडीच्या दारातच झाली. नांदेडच्या एसटी स्टँडवर गाडी उभी, मी मुखेडहून उतरलो, इवाई लातूरहून. "तुमी म्होरं बसा." "न्हाई, तुमचा मान." "तुमी पाव्हणं." "तुमी इवाई." शेवटी दोघंही मागं बसलो आणि पुढच्या शिटावर छत्री बसली. गाडीवाला नांदेडचाच, पिकल्या मिशांचा, सबुरीचा माणूस. त्यानं आरशातून विचारलं, "बाबा, आधी कुठं जायचं? तुम्ही म्हणाल तसं." मी तोंड उघडलं. तेवढ्यात इवाई म्हणाले, "आधी गोलाई."

"कोणती गोलाई, काका?"

"गावाची गोलाई. बाजार. सगळे रस्ते जिथं येऊन मिळतात ते."

लातूरला गंजगोलाई आहे, गोल बाजार, सगळ्या बाजूंनी रस्ते येऊन त्याला मिळतात. इवाई त्याच्याभोवती लहानाचे मोठे झाले. त्यामुळं प्रत्येक शहराच्या पोटात एक गोलाई असते आणि ती सापडली की सगळं शहर आपोआप समजतं, असा त्यांचा पक्का समज. गाडीवाला म्हणाला, "काका, नांदेड तसं न्हाई. नांदेड नदीच्या काठानं लांबट हाय." इवाई माझ्याकडं बघून हसले, जसं आडतीवर नवख्या शेतकऱ्याकडं बघून हसत असतील. "बाहेरगावच्याला दाखवत नसतील," म्हणाले. "डावीकडं घ्या."

मग डावीकडं, मग पुन्हा डावीकडं. एक पुतळा आला. थोड्या वेळानं तोच पुतळा दुसऱ्या बाजूनं आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला तो ओळखीचा वाटायला लागला, हात जोडावेसे वाटले. मधे रेल्वेचा पूल, कॉलेज, ऑटोंची रांग, भाजीचा बाजार, पुन्हा पूल. माझ्या डोक्यातलं होतं नव्हतं तेवढं नांदेडही विस्कटून गेलं. नदी कुणीकडं हेसुद्धा कळेना. एकदा उजवीकडून चमकली, एकदा डावीकडून. गोदावरीच आपल्याभोवती फिरून राहिली काय, असं वाटलं. इवाई छत्री पुढं करून सांगत होते, "बगा, आता जवळ आलो. रस्ते अरुंद झाले की गोलाई जवळ असते."

गाडीवाल्यानं शेवटी आपल्या मनानं गाडी किल्ल्यापाशी उभी केली आणि माहिती सुरू केली, "बाबा, हा नंदगिरी किल्ला..." इवायांनी भिंतीवर छत्रीची मूठ ठोकून बघितली, जसं पोतं ठोकावं. "पक्की हाय. निजामाच्या वखताची."

"काका, निजामाच्या लई आधीचा हाय हा."

"तेच सांगून राहिलो. आधीचा निजाम."

मग औशाचा किल्ला, उदगीरचा किल्ला, त्यातलं पाणी, त्यातला भुयारी रस्ता, हे सगळं त्यांनी नांदेडच्या किल्ल्यावर उभं राहून मला दाखवलं. गाडीवाला नदीकडं बोट करून काही सांगायला लागला की हे म्हणायचे, "आमच्या लातूरला," आणि पुढं काहीही. लातूरला एका वर्षी पाणी नव्हतं, रेल्वेनं आणावं लागलं, तर त्याचाही ह्यांना अभिमान. "रेल्वेनं पानी मागवनारं गाव दुसरं दाखवा." गाडीवाल्याला दाखवता आलं नाही. मी तिथून खाली वाकून घाट शोधत होतो. भिंत होती, पाणी होतं, पण डावं कोणतं नि उजवं कोणतं, हे आपण कुठं उभे त्यावर असतं. ती कुठं बसली होती हेच मला ठाऊक नव्हतं.

दुपारी गुरुद्वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसलो. लंगर म्हणजे हवं तेवढं घ्यावं, टाकू नये. पण इवाई शेजारी आणि सोयऱ्याला आग्रह करायची रीत अंगात भिनलेली. वाढणारा सरदार समोर आला की हे म्हणायचे, "ह्यांना वाढा, लाजून राहिले." डाळ आली. "आनखी घाला." खीर आली. "इवायांना खीर आवडते." कुणाच्या घरचं अन्न आणि कुणाचा आग्रह, मला काही समजेना. नको म्हणावं तर इवायाचा अपमान, टाकावं तर गुरूचा. मी खाल्लं. उठताना वाढणाऱ्यानं हात देऊन उठवलं. इवाई दारात त्याला म्हणाले, "लातूरला आलात की घरी या. काही कमी पडू देनार न्हाई."

त्यानंतर पुन्हा गोलाईचा शोध. ऊन उतरलं, पुतळा पुन्हा आला. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. गाडी संध्याकाळपर्यंतच ठरली होती, त्यात इवायांना लातूरची गाडी पकडायची आणि मला मुखेडची एसटी. मी मनात म्हणालो, झालं, तुझी पायरी राहिली. तेवढ्यात गाडीवाल्यानं गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"काकांची गोलाई सकाळपासून शोधून राहिलो. बाबा, तुम्हाला कुठं जायचं होतं?"

रीत होती, तरी मी बोललो. भिंत सांगितली, तुटकी पायरी सांगितली. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही, तेही सांगितलं. इवायांनी पुढं धरलेली छत्री खाली घेतली. मग म्हणाले, "इहीणबाईंची जागा व्हती म्हना की. सकाळीच बोलायचं." मी म्हणालो, "तुमच्याकडं कसं मागावं." तर म्हणाले, "आन् मी तरी कुठं इचारलं."

"नांदेडला घाट लई हायेत, बाबा," गाडीवाला म्हणाला. "कोणता ते कसं कळावं?"

"इचारू की," इवाई म्हणाले आणि छत्री गाडीतच ठेवून खाली उतरले.

त्या संध्याकाळी त्या माणसानं गोदावरीचा काठ विचारून विचारून पिंजून काढला. फुलवालीला विचारलं, नावाड्याला विचारलं, कपडे वाळवणाऱ्या बाईला विचारलं, "ताई, डाव्या हाताला भिंत आन् तुटकी पायरी कुठं हाय?" एका घाटावर भिंत उजवीकडं निघाली. एकावर पायऱ्या सगळ्या धड. एकावर एकही धड नाही. एक फुलवाली हसली, "काका, नांदेडात नवीन हाव काय?" मी मागं उभा होतो. मला वाटलं, आता लातूर येणार. इवाई म्हणाले, "हाव बाई. मला इथलं काहीच ठाऊक न्हाई."

दिवेलागणीला आम्ही एका घाटावर आलो. डाव्या हाताला भिंत होती. एक पायरी कोपऱ्यात फुटलेली होती. तीच असेल, नसेलही. आतापर्यंत माझा सगळ्याच गोष्टींवरचा भरवसा उडाला होता. मी इवायांकडं बघितलं. त्यांनी खाली वाकून त्या दगडावर हात फिरवला, तुरीच्या पोत्यात घालावा तसा, आणि सांगितलं, "हीच."

"नक्की?"

"माझं दान्यात कधी चुकलं न्हाई."

आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी गार होतं. गाडीवाल्याचा फोन वाजला, त्यानं बघितला आणि खिशात ठेवला. त्याची वेळ संपली होती, आमच्याही गाड्या जायच्या होत्या. इवायांना माझ्यापेक्षा ते जास्त ठाऊक. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत ओढून घेतली, नीट टेकून बसले आणि पाण्याकडं बघत म्हणाले, "आमच्या लातूरला एवढं पानी न्हाई."

लई वेळ बसलो. कुणी ऊठ म्हणालं नाही.

आता ते लातूरला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, नांदेडचा घाट मी शोधून काढला, कुणाला विचारलंसुद्धा नाही. मी त्यांचं वाक्य खोडत नाही. बचत गटाच्या बायका आमच्याच आळीत राहतात. तेव्हा घाटावर माझ्या घरचीबरोबर त्याही बसल्या होत्या. एका शब्दात सांगतील, तोच घाट का दुसरा. सकाळी पाण्याला जाताना त्या माझ्या दारावरूनच जातात. मी राम राम करतो. विचारत नाही.