पाठ फिरवून पाहिलेला सामना

टीव्हीवरचे मोठमोठे खेळाडू डबल फॉल्ट करतात, तेव्हा मी चहा पीत त्यांना समजून घेतो. पण माझ्या मुलीची पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली, की मी खुर्चीतून अर्धा उठतो आणि घाईघाईनं चष्मा पुसायला लागतो. ती माझ्याकडे बघते आणि दुसरीही जाळ्यात घालते. त्या रविवारी ती घरूनच म्हणाली होती, "बाबा, आजपण असंच झालं तर मी टेनिस सोडणार."

गारखेड्याच्या कोर्टावर माझ्याशेजारी वाळूजच्या कुठल्याशा कारखान्याचा निळा शर्ट घातलेला एकजण मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. पुतणीला घेऊन आला होता. माझ्या मुलीचा तिसरा डबल फॉल्ट झाला, तसा तो हळूच म्हणाला, "साहेब, राग नका मानू. तपासणीवाला मशीनपाशी येऊन उभा राहिला, की आमचा वीस वर्षांचा कारागीरबी हातातला जॉब बिघडवतो. तुम्ही जरा भिंतीकडं तोंड करून बसा."

"आणि सामना?"

"मी हाये ना."

मी खुर्ची भिंतीकडे वळवली. तो हेल्मेटवर बोटानं वाजवून मला सामना कळवू लागला. एक टकटक म्हणजे सर्व्हिस आत, दोन म्हणजे डबल फॉल्ट. दोनदा दोन वाजल्या; मी चष्म्याला हात लावला नाही. बाकी सगळ्या वेळी एकच.

मुलगी हरली. आभार मानायला वळलो, तर तो पुतणीची बॅग खांद्याला लावून फाटकाबाहेर पडत होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.

स्कूटरवर मागून मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारीपण तसेच बसाल ना?"