सासऱ्यांच्या हातातली किल्ली

गुलाबपाण्याचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. मला नोकरीत बढती मिळाली, तेव्हा मी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, वरवंडच्या पुढं हायवेवरच्या एका भारी हॉटेलात जेवायला नेलं होतं. भिंतींवर शोभेला घोंगड्या टांगलेल्या, हात पुसायला गुलाबपाण्यात भिजवलेले गरम टॉवेल. मामांची उमर मेंढरांमागं गेलेली. त्या दिवशी ते परीटघडीचं धोतर नेसून, लाल पटका बांधून आले होते. हात धुवायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले तर दाराशी एक बाई त्यांना आपल्या मुलांमध्ये उभं करून सांगत होती, "काका, हात जोडा ना, वेलकम करताना फोटो पाहिजे." तिच्या नवऱ्यानं गाडीची किल्ली त्यांच्या हातात कोंबली, "सावलीत लावायला सांगा." शेजारी मॅनेजर हसत उभा! मी किल्ली हिसकावून त्या माणसाला परत दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "हे माझे सासरे आहेत. इथं जेवायला आलेत!" मॅनेजर म्हणाला, "मॅडम, गैरसमज झाला, स्वीट आमच्याकडून." मी मामांचा हात धरून न जेवताच बाहेर पडले.  गाडीत ते हळूच म्हणाले, "बरं झालं तू आलीस पोरी. मला वाटलं, हितं जेवायला येनाऱ्याला आधी आसं उभं ऱ्हावं लागतं." त्या माणसांचे चेहरे मी केव्हाच विसरले, पण मामांच्या त्या वाक्यानं आजही माझ्या मुठी वळतात.