समुद्र बघूक येतंस?

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, फायलींमागे धूळ साचते तसे ते आपोआप साचतात. ऐंशीच्या दशकात माझी साताऱ्याहून बदली झाली आणि मी देवगडच्या एका कचेरीत क्लार्क म्हणून रुजू झालो. महिनाभरात लक्षात आलं, इथे 'दारू' हा शब्द कुणी तोंडातून काढतच नाही! मग एकमेकांना विचारतात तरी कसं? मला भारी कुतूहल.

*

हेडक्लार्क नाना एका शनिवारी म्हणाले, "सांजेक समुद्र बघूक येतंस?"

गेलो. खडकावर बसून अर्धा तास अगदी मन लावून समुद्र बघितला. शेवटी नाना वैतागले. "अरे, तो खंय पळान जातलो? हंय बघ!"

मागे बाटली होती.

*

पन्नाशीचा शिपाई बाबल हळूच विचारायचा, "खोकल्याचा औषद आसा, घेतंस?"

एकदा साहेबांना खराखुरा खोकला झाला. बाबलने भाबडेपणाने कपाटातली बाटली पुढे केली. साहेबांनी लेबल दोनदा वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, "जेवणाआधी की नंतर?"

*

खडकावर पहिला घोट कुणी घेत नसे. नाना आधी आपल्या ग्लासात बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर उडवायचे. "राखणदाराक!" म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाला.

मी विचारलं, "तो घेतो?"

"आजून तरी नको म्हणाक नाय!"

*

मग नानांचं लिव्हर बिघडलं. डॉक्टरांनी थेंबसुद्धा बंद केला. शनिवारी आम्ही मागच्या दाराने सटकायचो आणि नाना टेबलापाशी एकटेच बसून राहायचे. फार वाईट वाटायचं. पण त्यांना बोलवायचं कुठल्या तोंडाने? बोलवायचे सगळे शब्द तर त्यांनीच शिकवलेले!

एका शनिवारी नानांच्या मिसेस, आमच्या वहिनी, थेट कचेरीत आल्या. हातात कोकम सरबताची बाटली. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्येंका समुद्र बघूक घेवन जावा!"

आमच्या माना खाली. म्हणजे इतकी वर्षं वहिनींना सगळं ठाऊक होतं!

खडकावर नानांनी आपल्या ग्लासात सरबत ओतलं. मग नेहमीसारखं बोट बुडवलं, पण माझ्या ग्लासात! तीन थेंब जमिनीवर उडवले.

"पथ्य माका आसा रे," नाना म्हणाले, "तेका नाय!"