येळवशीला गावात राहिलेला माणूस

किल्लारीच्या पलीकडं भूकंपानंतर नव्यानं वसलेलं एक गाव आहे. रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती, शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू यायचा. इथं शेजारी जागा आहे की झोपला, हे शिवमूर्तीआप्पांना त्याच्या दिव्यावरून ओळखावं लागे.

बायको नीलम्मा वारली, मुलं पुण्याला गेली, कसणारं कुणी उरलं नाही म्हणून आप्पांनी शेत विकलं. त्यानंतर त्यांना सगळ्यात जड जाई ती येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला सारं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून तिच्यात दगडाचे पांडव पुजायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील यांचं जेवण करायचं, आणि ज्याला शेत नाही त्याला आग्रहानं घेऊन जायचं. आप्पांनाही बोलावणं यायचं. गावातला शेतकरी बालाजी आला की ते म्हणत, "व्यंकटला कबूल केलंय." व्यंकट आला की म्हणत, "बालाजी सोडतोय व्हय?" ज्या शिवारात आपण लोकांना वाढलं, तिथं पाहुणा होऊन बसायचं त्यांच्या जिवावर येई. दोघांचंही मन राखलं जाई आणि आप्पा आतून कडी लावून बसत.

यंदा गावात कलामहोत्सव घ्यायचं निघालं. नांदेडच्या एका संस्थेची राजकन्या नावाची मुलगी आली. काय करायचं, कधी आणि कुठं, हे गावानंच ठरवायचं, असं तिचं म्हणणं. बैठकीला आप्पांची ओसरी सोयीची पडली. बैठकीच्या दिवशी आप्पा दुपारपासूनच सतरंजी झटकत बसायचे. भारूड ठरलं, हलगी ठरली, बायांचा पंचमीचा फेर ठरला. राहिली तारीख.

"अमावास्येला जिल्ह्यात सुट्टी आहे," राजकन्या म्हणाली. "त्या दिवशी दुपारीच घेऊ."

सारी ओसरी हसली.

"ताई, सुट्टी हाय ती शेतात जायला," बालाजी म्हणाला. "दुपारी भारूड कुत्र्यांम्होरं करावं लागंल."

"कुत्रीबी भज्जीच्या वासानं शेतातच असतेत," व्यंकटनं भर घातली.

राजकन्या दिवस बदलायला तयार होती. पण बैठकीला आलेल्या महादेवीकाकू म्हणाल्या, "बाहेरगावची लेकरं त्याच दिवशी येतेत. दिवस ऱ्हाऊ द्या, वेळ बदला." मग वेळेवरून घोळ सुरू झाला. कुणी म्हणे दिवसाउजेडी घ्या, कुणी म्हणे जेवणं झाल्यावर.

आप्पांना राहवलं नाही. "दिवेलागणीला घ्या. पहिली गाडी माळाच्या वाटंनं येती. मागून बाया येतेत, पाट्या डोक्यावर घेऊन. तवर गावात चिटपाखरू नसतंय. टाकीचं पाणी ठिबकलेलं इथं घरात ऐकू येतंय."

राजकन्यानं वेळ लिहून घेतली.

"आप्पा," व्यंकट म्हणाला, "तुमी तर बालाजीच्या शेतात असताव."

"माझ्या?" बालाजी म्हणाला. "म्या तर समजायलो, तुझ्याकडं असतेत."

आप्पा सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिले. महादेवीकाकू उठल्या, "चहा ठेवते," म्हणाल्या आणि न विचारता त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या.

येळवशीच्या सकाळी बालाजी आणि व्यंकट दोघं मिळूनच दारात आले.

"आज कुणाचं नाव सांगताव?" बालाजीनं विचारलं.

आप्पा हसले. "मंडपाला माणूस नको व्हय? खुर्च्या हायत, स्पीकर हाय."

"सारं गाव शेतात. खुर्च्या नेतंय कोण?"

"तरी बी."

त्यांनी फार ताणलं नाही. दुपारी बालाजी मोटारसायकलवर डबा आणि आंबिलीचा तांब्या घेऊन आला. "बसू का जरा?"

"जा बाबा. घरची माणसं वाट बघायलेत तुझी."

गाडीचा आवाज विरला आणि टाकीचं ठिबकणं पुन्हा ऐकू येऊ लागलं. आप्पा मंडपात एकटेच जेवले. तांब्या विसळला. खुर्च्यांच्या रांगा सरळ होत्या, तरी पुन्हा सरळ केल्या.

दिवस बुडाला तशा शिवारात येळवशीच्या रिवाजाप्रमाणं कडब्याच्या पेंढ्या पेटल्या आणि पिकांभोवती फिरू लागल्या. इतकी वर्षं कडी लावून बसल्यामुळं गावातून हे कसं दिसतं, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांतला एक उजेड त्यांच्या जुन्या शेतात फिरत होता. तो विझेपर्यंत ते बघत उभे राहिले.

मग त्यांनी मंडपातला दिवा लावला. साऱ्या खुर्च्या रंगमंचाकडं तोंड करून होत्या. त्यातली एक त्यांनी माळाच्या वाटेकडं फिरवली आणि तिच्यावर बसून राहिले.