तिसरा आग्रह

"नको, नको," म्हणत ते कपावर तळहात आडवा धरायचे. पुन्हा विचारलं तरी हात तिथेच. तिसऱ्यांदा किटली पुढे केली की मात्र बोटं हळूच विलग व्हायची, जणू त्यांच्या नकळत, आणि हात बाजूला सरकायचा. "तुम्ही म्हणताच आहात तर अर्धा कप," असं म्हणून पुरा कप प्यायचे.

तुमच्याकडेही अशी माणसं जेवून गेली असतील, तेव्हा तुम्हाला यात नवल वाटायचं नाही. पण ही गोष्ट एडिनबरातली, साठच्या दशकातली, आणि हात आडवा धरणारा माणूस चिनी. मी पुण्याहून आलेला, हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर. ते युनिव्हर्सिटीत चिनी साहित्य शिकवायचे. मी त्यांना प्रोफेसर म्हणायचो, ते मला डॉक्टर. एकाच घरमालकीणबाईंकडे आम्ही दोघे भाडेकरू.

बाई प्रेमळ, पण अस्सल तिथल्या. "आणखी बटाटे? नको? राइट यू आर," म्हणायच्या आणि भांडं परत ओव्हनमध्ये.

"पहिलं वर्षभर मी सभ्यपणामुळे उपाशी राहिलो," प्रोफेसर एकदा म्हणाले.

"मीसुद्धा," मी म्हणालो.

इतके हसलो आम्ही, की बाई जिन्यावरून डोकावून गेल्या. तेव्हापासून दर रविवारी मी वरणभात करायचा आणि दोघांनी एकमेकांना पोटभर आग्रह करायचा, असं ठरून गेलं.

मधे आमच्या दोन देशांची सीमेवर लढाई झाली. मराठी मित्र टोमणे मारायचे, "काय रे, तुझा चिनी काय म्हणतोय?" त्या दिवसांत आम्ही दोघे फक्त हवेबद्दल बोलायचो. वाढताना मात्र माझा आग्रह दुप्पट व्हायचा आणि ते दोन घास जास्तच खायचे.

समुद्रावरून धुकं यायला लागलं की ते खिडकीशी उभे राहत. समोरची धुराडी एकेक करून विरघळायची, मग रस्ता, मग आमचंच कुंपण. घर कुठेतरी तरंगत निघाल्यासारखं वाटायचं.

"धुकं आलं," मी म्हणायचो.

"कोणाबद्दल बोलताय?" ते हळूच विचारायचे.

मग समजावून सांगत. त्यांच्याकडे शेकडो वर्षं लिहिणाऱ्यांनी मनातलं सरळ सांगितलंच नाही. राजावर रुसलेला कवी नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या तोंडून बोलायचा. धुक्याने सूर्य झाकला असं लिहिलं, की कोणी कोणाला झाकलंय ते वाचणाऱ्याला बरोबर कळायचं.

"आणि राजाला?"

"त्यालाही. पण रागावला तर ते धुकं आपल्याच दरबारातलं, हे कबूल करावं लागणार ना!"

हसायचे, आणि मग हसू मावळायचं. "हल्ली वाचणारे फार हुशार झालेत, डॉक्टर. शेवंतीवर लिहिलं तरी विचारतात, ही शेवंती म्हणजे कोण?"

त्यांचा थोरला भाऊ गावी शाळामास्तर. त्याने शाळेच्या भित्तिपत्रकात एका निष्पर्ण झाडावर चार ओळी लिहिल्या. "मग त्याला हॅट घातली," प्रोफेसर म्हणाले. हॅट घातली म्हणजे जनतेचा शत्रू असा शिक्का मारला. नोकरी गेली, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं.

"जड असते का हो ती हॅट?" मी विचारलं.

"त्याला नाही. त्याच्या मुलांना."

आता इतकी वर्षं मी जे कोणाला सांगितलं नाही, ते सांगतो.

एका रविवारी दुपारी, बाहेर दाट धुकं असताना, ते जेवता जेवता थांबले. "मायदेशी परत या असं बोलावणं आलंय. इथली नोकरी आहे, ती राहीलही. पण आईचं वय झालं. पाहुण्याने तरी किती दिवस बसायचं?"

मला समजलं. हात कपावर आडवा झाला होता.

"अहो, जाताय कुठे? राहा की," मी म्हणालो.

"तळं गोठायला लागलंय म्हणतात. पण रानहंसाला दुसरं तळं कुठे माहीत असतं?"

"नीट विचार करा," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते. गॅसवर किटली कुजबुजत होती. ते कशाची वाट पाहताहेत, हे त्या अख्ख्या शहरात मला एकट्यालाच कळण्यासारखं होतं. आणि मला कळलं होतं.

पण त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं होतं, बायको येते म्हणून. माझी खोली म्हणजे जिन्याखालचं खुराडं. त्यांची वरची, दोन खिडक्यांची. बाई म्हणाल्याच होत्या, "ती रिकामी झाली तर तुलाच देईन हं."

मी विचारलं, "खोली कधी सोडताय?"

त्यांनी मान वर केली. रागावले नाहीत. अगदी कौतुकाने म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आता पक्के इथले झालात."

स्टेशनवर मी त्यांची पेटी उचलली. सगळं अगदी सभ्यपणे झालं.

बायको आली. खोली बघून खूश झाली. "अहो, इथे आधी कोण राहायचं?"

"एक प्रोफेसर," मी म्हणालो.

त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर त्यांच्या देशातल्या बातम्या सुरू झाल्या. चौकात उभे केलेले मास्तर, डोक्यावर कागदाच्या उंच टोप्या. हॅट खरोखरीची झाली होती. मी प्रत्येक चेहऱ्याकडे निरखून बघायचो.

पुढे सत्तरच्या दशकात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दुभाषी म्हणून तिकडे जाऊन आली. रस्त्यात भेटली, आनंदात होती. "मी मुद्दाम चौकशी केली. सर दक्षिणेकडे हवापालटाला गेलेत, असं सांगितलं. किती छान ना!"

"छान," मी म्हणालो.

ती त्यांच्याकडे चार वर्षं शिकली होती, मी नुसता जेवलो होतो. तरी त्या हवापालटाचा अर्थ मलाच लागला.

अजून धुकं उतरलं की वेव्हर्ली स्टेशनातून ती गाडी निघते. काचेआड ते उभे असतात, काचेवर तळहात टेकलेला. मी हात हलवतो. गाडी सरकू लागते, आणि मला स्पष्ट दिसतं, त्यांची बोटं हळूच विलग होताहेत.