तुळशीशेजारचं थाईम

थाईमचा वास आला की मला आधी राग येतो, रडू नंतर. सून पिझ्झ्यावर ती वाळकी पानं भुरभुरते आणि म्हणते, "आई, काय मस्त वास आहे!" मी उठून गॅलरीत जाते. तिला वाटतं, सासूला नव्या पदार्थांचं वावडं आहे. वाटू दे! हे झाड मी हैदराबादला, तारनाक्याच्या आमच्या अंगणात बघितलंय. तेव्हा आम्ही पिझ्झा हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते तेव्हाची ही गोष्ट. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी म्हैसुरात आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात जाणार होता. माझे वडील, आबा, सरकारी कचेरीत कारकून होते. मराठी माणसांना औरंगाबादला धाडणार अशी कुजबुज रोज त्यांच्या कानावर यायची. "हुकूम आल्यावर बघू. आत्तापासून कायकू जीव जाळायचा?" असं म्हणून ते चहा मागायचे. आमच्या मराठीत उर्दू अशी कुठूनही टपकायची. घरात आम्ही चौघं, आई, आबा, मी आणि माझा अडीच वर्षांचा भाऊ. त्या पावसाळ्यात भावाला डांग्या खोकला झाला.

डांग्या खोकला ज्यांनी बघितला नाही ते नशीबवान. आता बाळांना सुई टोचतात आणि विसरून जातात. तेव्हा ते लेकरू खोकता खोकता निळं पडायचं आणि श्वास आत ओढताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायचा. पाजलेलं दूध सगळं उलटून पडायचं. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण उतार काही नव्हता. खोकल्यापेक्षाही त्याची झोप उडाली होती ते वाईट. डोळा लागतो न लागतो तोच उबळ यायची. आई त्याला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या घालायची आणि म्हणायची, "देवा, एवढं झोपू दे रे माझ्या लेकराला."

शेजारच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन बाई राहायची. नवरा इंजिन ड्रायव्हर. आम्ही तिला मेमसाब म्हणायचो. फ्रॉक घालायची एवढंच काय ते, बाकी भाजीवाल्याशी दख्खनीत भांडायला बसली की आमच्या बायका तिच्यापुढे फिक्या. भिंतीपलीकडून खोकला ऐकून ऐकून ती एक दिवस कुंडीच घेऊन आली. "थाईम है, अम्मा. इसका काढा पिलाओ बच्चे कू, शहद डालके. मेरे बच्चे इसी पे पले." नवरा रिटायर झाला होता आणि ते विलायतेला लेकीकडे निघाले होते. झाड बोटीवर कुठं नेणार?

वीतभर उंचीचं झुडूप होतं ते. काड्या खालून लाकडासारख्या टणक, वर कोवळ्या. पानं मोहरीपेक्षा जराशी मोठी, कडा आत मुडपलेल्या, मागून करडी. चुरडलं की ओव्यासारखा वास, त्यात थोडा कापूर मिसळल्यागत. मातीत मेमसाबनं वाळू, विटांचा चुरा आणि चिमूटभर चुना घातला होता. उन्हाळ्यात बारीक जांभळट फुलं येतात, मधमाश्या तुटून पडतात, फुलं सरली की शेंडे कातरायचे म्हणजे झाड दाट होतं, असं सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. दात दुखला तर याच्याच पाण्यानं चूळ भरायची. ट्रंकेत वाळक्या काड्या ठेवल्या की कपड्यांना कसर लागत नाही. आणि मटणात तर पाहिजेच! "मटणात?" म्हणून आई कितीतरी दिवसांनी हसली.

जाताना मेमसाबनं बोट उगारून बजावलं, "पानी ज्यादा नक्को डालो. मिट्टी पूरी सुकने दो, फिर डालो. पानीच मारता इसकू."

त्या दिवशी आईनं चार काड्या पाण्यात उकळून, मध घालून तो काढा भावाला चमच्या-चमच्यानं पाजला. उबळ थांबली नाही, पण मवाळ झाली. आणि तो झोपला! चांगला दिवेलागणीपर्यंत झोपला. आई त्याच्या उशाशी बसून नुसती बघत होती, आम्हाला बोलू देईना. दुसऱ्या दिवशी कुंडी परसातून उचलून तिनं तुळशीकट्ट्यावर नेऊन ठेवली. आबा म्हणाले, "घ्या! तुळशीला विलायती जाऊबाई आली."

आई रोज अंघोळ करून, ओल्या केसांनी तुळशीला पाणी घालायची. त्याशिवाय तोंडात चहासुद्धा नाही. आता ती अर्धा तांब्या तुळशीला घालायची आणि अर्धा थाईमला. आबांनी टोकलं, "मेमसाब काय बोलली होती?" आई उसळली. "तिला काय ठाव? माझ्या लेकराला ज्यानं झोप दिली त्याला मी तहानलेलं ठेवू? एकीला पाणी पाजायचं अन् शेजारचीचं तोंड कोरडं ठेवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?" हळदकुंकू वाहून ती त्या कुंडीला नमस्कारही करायला लागली.

पाणी जास्त झालं की हे झाड तहानल्यासारखंच मान टाकतं. आईला वाटलं, पाणी कमी पडतंय. मग ती संध्याकाळीही घालायला लागली. पानं पिवळी पडली, काड्या खालून काळ्या झाल्या. आईनं हिरवे उरलेले शेंडे काढून त्याच चिखलात खोचले. तेही गेले. कुंडी उलटी केली तर मुळांचा नुसता लगदा निघाला. मेमसाबची बोट तोवर कुठं पोचली होती कुणास ठाऊक.

गणपती बसले, महालक्ष्म्या येऊन गेल्या. भावाला न्यूमोनिया झाला. पितृपक्षात, दवाखान्यातच, तो आम्हाला सोडून गेला.

डॉक्टर भला माणूस होता. आईला समजावून सांगत होता, "बाई, काढ्यानं घसा मऊ पडतो, हा आजार बरा होत नाही. झाड असतं तरी हेच झालं असतं." आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खोकला गेला नसता, मान्य. पण झोप तर लागली असती की. शेवटी शेवटी माझं लेकरू जागंच होतं." मला तेव्हा सगळ्यांचा राग आला. मेमसाबचा, तुळशीचा, आईच्या त्या नमस्काराचा. खरं सांगते, तो अजून गेलेला नाही.

दसऱ्यानंतर आबांच्या बदलीचा हुकूम आला, औरंगाबाद. आई म्हणाली, "तुम्ही जावा. मी नाही येत."

"अगं, इथं काय राहिलंय आपलं?" आबा बोलून गेले.

एवढ्या लहान मुलाला आमच्यात पुरतात, आणि बायका तिकडं जात नाहीत. आईनं हट्ट धरला, "जागा दाखवा, तरच गाडीत पाय ठेवीन." आबा आम्हा दोघींना रेल्वेलाईनीपलीकडच्या माळावर घेऊन गेले. परतीच्या पावसानं सगळं सपाट झालं होतं आणि गुडघाभर गवत उभं होतं. आबांनी एका लिंबाखाली बोट दाखवलं. आई तिथं बसली, जमिनीवरून हात फिरवत राहिली. मी उभी होते, म्हणून मला आबांचे डोळे दिसले. ते सगळ्या माळावर भिरभिरत होते. त्यांना जागा सापडत नव्हती.

"नक्की हितंच ना?" आईनं विचारलं.

"हौ," आबा म्हणाले.

काचीगुड्याहून आम्ही गाडी धरली. औरंगाबादच्या बायका नव्या शेजारणीला विचारायच्या ते विचारायला लागल्या. "किती लेकरं तुम्हाला?" आई सरळ म्हणाली, "दोन. थोरली ही. धाकटा हैदराबादला असतो." शिकायला ठेवला असेल कुणा नातेवाइकाकडे, असं बायका धरून चालल्या. आई खोटं बोलत नव्हती, असं माझं मत आहे. आबा मात्र तो विषय निघाला की चपला घालून बाहेर पडायचे. भावाचं नाव त्यांनी कधीच काढलं नाही.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली. एकदा माहेरी आले होते, तेव्हा गल्लीतली एक बाई आईकडे येऊन बसली. म्हणाली, "तुमचा धाकटा आता लग्नाला आला असंल की. माझ्या भाचीचं बघायलेत. सालस हाय पोरगी." आबा पलीकडे पेपर वाचत होते. या खेपेला ते उठले नाहीत. आईनं सावकाश सगळं विचारून घेतलं. मुलगी किती शिकली, उंचीला कशी आहे, स्वभाव कसा आहे. मग म्हणाली, "नको, बाई. त्याला इकडं करमायचं नाही."

बाई गेली. मग आबांनी पेपरची घडी केली आणि आईकडे न बघता म्हणाले, "पोरगी चांगली होती म्हणायची. शोभली असती त्याला."

आईनं तोंडाला पदर लावला आणि आमच्यासमोर रडायला लागली.